औषधाचे दुसरे पेटंट आणि रुग्णाची हरकत: बेडाक्विलिनच्या निमित्ताने

माळरान

माझ्या धाकट्या मावसबहिणीला २०१४ साली औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला, तेव्हा तिला रोज सकाळी कानामायसिनचे इंजेक्शन घ्यावे लागत असे आणि हे कित्येक महिने चालले. टोचून टोचून कमरेखालची जागा इतकी घट्ट झाली होती की परिचारिका आधी बोटांनी चाचपून मऊ जागा शोधत असे आणि मगच सुई घालत असे. चौथ्या महिन्याच्या सुमारास बहीण म्हणू लागली की कानात रातकिडे ओरडतात. आम्ही ते अशक्तपणावर ढकलले. पुढे एके दिवशी ती स्वयंपाकघरात बसलेली असताना कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि तिने मान वर केली नाही, तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला: या इंजेक्शनांनी तिची श्रवणशक्ती नेली होती. आज ती बरी आहे, नोकरी करते आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलते. करोनाच्या काळात सगळ्यांनी तोंडे झाकली तेव्हा तिची काय अवस्था झाली असेल, ते सांगायला नको.

त्या वेळी बेडाक्विलिन ही गोळी जगात अस्तित्वात होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता दिली होती, आणि चाळीसहून अधिक वर्षांत क्षयरोगासाठी आलेला तो पहिलाच नवा औषधवर्ग होता. एका रुग्णाचा पूर्ण कोर्स १८८ गोळ्यांचा असतो: पहिले दोन आठवडे रोज चार, मग बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात ती मार्च २०१६ मध्ये, तीही मोजक्या सहा केंद्रांवर, मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन मागे घेऊन तोंडावाटे घेण्याच्या औषधांना प्राधान्य देण्याची दिशा २०१८ मध्ये दाखवली. बहिणीचे कान पेटंटमुळे गेले असे मी म्हणत नाही. २०१४ साली औषध नवे होते, सावधगिरी आवश्यक होती. माझा प्रश्न त्यानंतरच्या वर्षांविषयी आहे.

बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचे भारतातील पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. परंतु त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर, म्हणजे प्रत्यक्ष गोळीत ज्या रूपात ते औषध असते त्या रूपावर, जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या जान्सेन कंपनीचा दुसरा अर्ज २००९ पासून मुंबईच्या पेटंट कार्यालयात होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबली असती. या अर्जावर २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी हरकत घेतली. एक मुंबईच्या नंदिता वेंकटेशन, दुसऱ्या दक्षिण आफ्रिकेतील खायेलित्शाच्या फुमेझा तिसिले. दोघीही क्षयरोगातून उठलेल्या आणि दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांतच गेलेली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने त्यांना साहाय्य केले. २३ मार्च २०२३ रोजी मुंबई कार्यालयाने अर्ज फेटाळला.

बातम्यांत याचे वर्णन गरीब रुग्णांनी बलाढ्य कंपनीवर मिळवलेला विजय असे झाले. मला ते वर्णन अपुरे वाटते, कारण त्यात नीतीचा मूळ प्रश्न झाकला जातो. पेटंट हा समाजाने संशोधकाशी केलेला सौदा आहे: तुम्ही नवे ज्ञान उघड करा, आम्ही वीस वर्षे तुम्हाला एकाधिकार देतो. पहिल्या पेटंटबाबत हा सौदा मला मान्य आहे. रेणू नवा होता, औषध उपयोगी होते. परंतु दुसऱ्या पेटंटमध्ये समाजाच्या पदरात काय पडले? क्षार बनवून औषध गोळीत घालण्याजोगे करणे हे औषधरसायनशास्त्रातील रोजचे काम आहे. त्याच्या मोबदल्यात जी चार-साडेचार वर्षे मागितली जात होती, त्यांची किंमत सौद्याच्या दोन्ही बाजूंपैकी कोणीच देणार नव्हते. ती तिसरा कोणी तरी आपल्या शरीराने देणार होता. वैद्यकीय नीतिमत्तेत साधी रक्तचाचणीसुद्धा संमतीवाचून करीत नाहीत; आणि इथे वाट पाहण्याचा धोका ज्याच्या माथी मारायचा, त्याला विचारण्याची एकच जागा कायद्यात आहे, ती म्हणजे ही मंजुरीपूर्व हरकत.

याच औषधाच्या चाचण्यांचा इतिहासही विसरता येत नाही. दुसऱ्या टप्प्यातील मुख्य चाचणीत बेडाक्विलिन घेणाऱ्या ७९ रुग्णांपैकी दहा दगावले, तर दुसऱ्या गटातील ८१ पैकी दोन. त्यामुळेच औषधाच्या वेष्टनावर ठळक इशारा आला. ती भीती पुढे कमी झाली ती दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कार्यक्रमातील हजारो रुग्णांच्या नोंदींमुळे, ज्यांत हे औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे दिसले. म्हणजे औषध सुरक्षित आहे हे ज्ञानसुद्धा रुग्णांच्या जिवावर आणि सरकारी पैशावर तयार झाले. त्या ज्ञानाचे पेटंट कोणाच्या नावावर आहे?

जाणकारांनी माझे चुकत असल्यास दाखवून द्यावे.

---

काचपात्र

मी औषधनिर्मितीच्या संशोधनात सतरा वर्षे काम केले आहे. धागालेखकांच्या कुटुंबावर गुदरलेल्या प्रसंगाविषयी पूर्ण आदर ठेवून काही मुद्दे मांडतो.

‘क्षार बनवणे हे रोजचे काम’ हे विधान बाहेरून जितके सोपे दिसते तितके ते नाही. एकाच रेणूची दहा रूपे तयार करावीत, त्यांतली सहा ओलाव्याने चिकट व्हावीत, दोन पाण्यात विरघळूच नयेत आणि उरलेल्या दोहोंपैकी एक गोळी दाबताना फुटावी, हा अनुभव प्रयोगशाळेत नित्याचा आहे. रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधाचे उदाहरण घ्या. १९९८ मध्ये त्याचे एक वेगळेच स्फटिकरूप उत्पादनात अचानक उगवले आणि कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. पुढे लोपिनाविर-रिटोनाविरची जी गोळी २००५ मध्ये आली, तिला शीतकपाटाची गरज नव्हती. ज्या गावात दिवसातून आठ तास वीज नसते, तिथे हा बदल नव्या रेणूइतकाच मोलाचा आहे. परंतु आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(डी) म्हणते की ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढली पाहिजे. आणि सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या प्रकरणात औषधाच्या बाबतीत तिचा अर्थ ‘उपचारात्मक परिणामकारकता’ असा लावला. उन्हाळ्यात न बिघडणारी गोळी त्या व्याख्येत कुठे बसते? तिला पेटंट नाही, म्हणजे तिच्यावर खर्च करण्याचे कारणही नाही.

दुसरे असे की चाळीस वर्षे क्षयरोगावर कोणी नव्या वर्गाचे औषध काढले नाही. एका कंपनीने काढले, आणि आपण तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आहोत.

---

माळरान

काचपात्र, आपला पहिला मुद्दा मी विचारात घेतो. त्यावर नंतर लिहीन. दुसऱ्या मुद्द्याबाबत मात्र लगेच लिहिणे भाग आहे. या औषधाच्या विकासात सार्वजनिक व धर्मादाय संस्थांचा पैसा किती, याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यानुसार तो कंपनीच्या स्वतःच्या खर्चाहून अधिक होता. शिवाय अमेरिकेने दुर्लक्षित रोगावर औषध काढल्याबद्दल कंपनीला ‘प्राधान्य परीक्षण व्हाउचर’ दिले, जे तिने पुढे सोरायसिसच्या एका अत्यंत महागड्या औषधाला लवकर मान्यता मिळवण्यासाठी वापरले. बक्षीस मिळाले आहे. चाळीस वर्षे नव्या वर्गाचे औषध आले नाही, हे पेटंट पद्धतीच्या बाजूचे प्रमाण आहे की विरुद्ध बाजूचे, हे आपणच ठरवावे. कारण त्या चाळीस वर्षांत पेटंटे होतीच, फक्त क्षयरोग्याकडे पैसे नव्हते.

---

तालुका_ओपीडी

मी ग्रामीण भागात क्षयरोगाचे रुग्ण पाहतो, त्यामुळे या चर्चेला थोडा फाटा फोडतो; मात्र तो मूळ विषयाचाच भाग आहे.

बेडाक्विलिन रुग्णाला न मिळण्याचे कारण प्रत्येक वेळी पेटंट नव्हते. सुरुवातीच्या काळात भारताला हजारो कोर्स अमेरिकेच्या मदत संस्थेमार्फत देणगीदाखल मिळाले होते, तरीही औषध मोजक्या केंद्रांबाहेर जात नव्हते. कारण सांगितले जात असे ते असे की सैलपणे वाटले तर जंतू याही औषधाला प्रतिकार करू लागतील आणि मग हातात काहीच उरणार नाही. २०१७ च्या आरंभी पाटण्याच्या अठरा वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांना या औषधासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, कारण ती दिल्लीची रहिवासी नाही असा आक्षेप घेतला गेला होता. औषध कपाटात आहे, रुग्ण दारात आहे आणि मध्ये रहिवासाचा दाखला आहे! हा पेटंटचा दोष नव्हे, आमच्याच व्यवस्थेचा आहे.

प्रतिकाराची भीती मात्र खोटी नाही. बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू आता सापडू लागले आहेत. काही जण यावरून असा युक्तिवाद करतात की एकाच उत्पादकाच्या हाती औषध असले तर त्याचा गैरवापर रोखणे सोपे जाते. मला हा युक्तिवाद ऐकून नेहमी अस्वस्थ वाटते. औषध जपून वापरायचे हा वैद्यकीय निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी डॉक्टरने आणि कार्यक्रमाने घ्यायची आहे. तो निर्णय किमतीवर सोपवला की जपणूक होत नाही, केवळ ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ते मिळते. उलट माझा अनुभव असा की साठा अपुरा असला की कोर्स अर्धवट सुटतात, आणि प्रतिकार तयार होण्यासाठी अर्धवट कोर्सइतकी सुपीक जमीन दुसरी नाही. साठा संपल्याचे कळवणारा फोन येतो तेव्हा त्या रुग्णाच्या कार्डावर पुढच्या तारखेच्या चौकोनात मी काय लिहायचे, हे मला अजून कोणी शिकवलेले नाही.

आता सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती आली आहे, ज्यात बेडाक्विलिनबरोबर प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असते. केंद्र सरकारने तिला २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वीच्या वीस-वीस महिन्यांच्या उपचारांपुढे हे फारच मोठे पाऊल आहे, आणि त्याच्या मध्यभागी हीच १८८ गोळ्यांची बाटली आहे.

---

खडीसाखर

किमतीचा आकडा कोणी दिलेला नाही म्हणून देतो. देशांसाठी क्षयरोगाची औषधे एकत्रित खरेदी करणाऱ्या जागतिक औषध सुविधेमार्फत सहा महिन्यांच्या कोर्सचा दर २०२० मध्ये ३४० डॉलर होता. जुलै २०२३ मध्ये पेटंट संपले, भारतीय जेनेरिक मैदानात आले, आणि ऑगस्टमध्ये मूळ कंपनीनेच १३० डॉलरचा दर देऊ केला. तीच गोळी, तोच कारखाना. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने १३४ देशांत या औषधाच्या दुय्यम, म्हणजे मूळ रेणूनंतरच्या, पेटंटांची अंमलबजावणी करणार नाही असे जाहीर केले. यापुढे कोणी खर्चाचे गणित सांगू लागला की मी हे दोन आकडे पुढे ठेवतो.

---

अर्जविनंती

प्रतिसाद थोडा लांबेल, क्षमस्व. मी पेटंटच्या क्षेत्रात वकिली करतो. दोन्ही बाजूंची कामे केली आहेत.

काचपात्र यांचा ३(डी) वरील आक्षेप वकिलांच्या वर्तुळातही वारंवार ऐकू येतो. न्यायालयाने त्या निकालात प्रत्येक सुधारणेला दार बंद केले असे मात्र नाही; उपचारात्मक परिणाम वाढल्याचे दाखवले तर पेटंट मिळू शकते, आणि नव्या प्रक्रियेच्या पेटंटला तर हे कलम आडवे येतेच असे नाही. उष्णता सहन करणाऱ्या गोळीला बक्षीस मिळाले पाहिजे हे मला पटते, पण ते वीस वर्षांच्या एकाधिकाराच्याच रूपात का? संशोधनासाठी बक्षीस देण्याचा दुसरा मार्ग सुचत नाही म्हणून आपण पेटंटवर सगळा भार टाकतो.

आता हरकतीविषयी. कलम २५(१) अन्वये अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून मंजुरीपर्यंत ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते. हे शब्द महत्त्वाचे आहेत. मंजुरीनंतरच्या हरकतीसाठी ‘हितसंबंधित व्यक्ती’ असावे लागते आणि मुदत एक वर्षाची असते. जगात फार थोड्या देशांनी सामान्य माणसाला मंजुरीपूर्वी हा अधिकार दिला आहे. रुग्ण हा प्रतिस्पर्धी उत्पादक नसतो, त्याचा व्यापारी हितसंबंध नसतो. तरीही तो मुंबईत अंटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात कागद दाखल करू शकतो, ही माझ्या मते आपल्या कायद्यातील सर्वांत नैतिक तरतूद आहे. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने तिच्याभोवती कुंपण घातले. पूर्वी या हरकतीला शुल्क नव्हते, आता आहे. आणि हरकत दखल घेण्याजोगी आहे की नाही हे पेटंट नियंत्रक आधी ठरवतो. कारण असे दिले जाते की नामधारी लोकांच्या आडून कंपन्याच हरकती घेतात आणि अर्ज वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात. हे पूर्ण खोटे नाही, अशा हरकती मी पाहिल्या आहेत. पण चाळणी लावताना गहू कोणता आणि खडा कोणता हे ठरवण्याची घाई होते, अशी माझी भीती आहे.

याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, ज्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पेटंटधारकाने आपले पेटंट भारतात प्रत्यक्ष राबवले की नाही याचे विवरण, फॉर्म २७, पूर्वी दरवर्षी द्यावे लागे. आता तीन वर्षांतून एकदा. हा कागद कोरडा वाटतो, परंतु भारतातला आजवरचा एकमेव सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्याला औषध बनवण्याची दिलेली मुभा, अशाच विवरणांच्या आधारे उभा राहिला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी कलम ८४ खाली नॅटको कंपनीला परवाना दिला. १२० गोळ्यांचा दर ठरला ८,८८० रुपये आणि बायरला ६ टक्के स्वामित्वधन, जे अपिलात ७ टक्के झाले. ज्यांना औषध हवे होते त्यांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंतच ते पोहोचते, हा निष्कर्ष कंपनीच्याच आकड्यांवरून निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये तो आदेश कायम ठेवला.

त्यानंतर दुसरा परवाना निघालेला नाही. दोन अर्ज फेटाळले गेले. त्यामुळे तलवार म्यानातच असते. कंपन्यांना तिची मूठ दिसत राहते एवढेच.

---

दर्या_मांडवी

चर्चा औषधांभोवती फिरत आहे, म्हणून निदानाविषयी थोडे. औषधाला प्रतिकार आहे की नाही हे कळल्याशिवाय बेडाक्विलिन देता येत नाही, आणि ते कळण्यासाठी जनुकीय चाचणीचे यंत्र लागते. आपल्या कायद्यातील कलम ३(आय) निदानाच्या पद्धतीला पेटंट देत नाही. हा नियम नीतीच्या पायावर उभा आहे: रोग ओळखण्याच्या रीतीवर कोणाची मालकी नको. परंतु यंत्र आणि त्यात घालायची कार्ट्रिज यांना तो लागू होत नाही, आणि यंत्र बंद पद्धतीचे असले की कार्ट्रिज त्याच कंपनीची घ्यावी लागते. जीनएक्स्पर्ट या अशाच यंत्राची कार्ट्रिज कैक वर्षे ९.९८ डॉलरला होती. ती पाच डॉलरला मिळाली पाहिजे, अशी मोहीम चालली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दर ७.९७ वर आला. कोणतेही पेटंट फेटाळले गेले नव्हते. केवळ हिशोब चव्हाट्यावर आला.

आमच्या गोव्यातील वेर्ण्याच्या कंपनीने ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र बनवले आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, याचा अभिमान आहेच. मात्र तिथेही चाचणीची चिप त्याच कंपनीची लागते. मक्तेदार आपल्या शेजारचा आहे म्हणून प्रश्न बदलत नाही, हे आम्हाला मान्य करावे लागेल.

---

काचपात्र

अर्जविनंती यांचा ‘दुसऱ्या रूपातले बक्षीस’ हा मुद्दा मला मान्य होण्याजोगा आहे. खडीसाखर यांच्या आकड्यांवर उत्तर देणे कठीण आहे, आणि ते मी देणारही नाही. एवढेच नोंदवतो की १३० डॉलरचा दर सगळ्या नव्या औषधांसाठी पहिल्या दिवसापासून लागू केला, तर माझ्यासारख्यांच्या प्रयोगशाळा कोण चालवणार, या प्रश्नाला या धाग्यावर अजून उत्तर आलेले नाही.

---

माळरान

काचपात्र, उत्तर माझ्याकडेही नाही. पहिल्या दिवसापासून १३० डॉलर असावेत असे मी म्हटलेले नाही. विसाव्या वर्षानंतर ३४० का असावेत, एवढेच विचारले आहे. गोळीच्या टिकाऊपणाबाबत आपले म्हणणे मी मान्य करतो. कायद्याने ‘परिणामकारकता’ मोजताना औषध पोटात गेल्यावर काय करते एवढेच पाहिले, ते पोटापर्यंत पोहोचते कसे हे पाहिले नाही. हे न्यून खरे आहे.

काल हा धागा मी बहिणीला वाचायला दिला. तिने सगळे प्रतिसाद वाचून एकच प्रश्न लिहून दिला, तो जसाच्या तसा इथे ठेवतो: “हरकत घ्यायची तर वकील लागतोच का, आणि सुनावणीला मला ऐकू येणार नाही, त्याचे काय करतात?”

---

अर्जविनंती

वकील बंधनकारक नाही. फॉर्म ७ए भरून, पुराव्यासह लेखी निवेदन स्वतः देता येते, मात्र रसायनशास्त्र समजणारे माणूस बरोबर असावे, कारण अर्ज फेटाळला जातो तो भावनेवर नव्हे, आधी प्रसिद्ध झालेल्या ज्ञानाच्या आधारावर. सुनावणी मागितली तरच होते आणि हल्ली ती बहुधा व्हिडिओद्वारे होते. ऐकू न येणाऱ्या हरकतदारासाठी नियमांत वेगळी सोय लिहिलेली मला आढळली नाही. त्यामुळे निवेदनातच पहिल्या परिच्छेदात तसे स्पष्ट लिहावे, बोललेले शब्द पडद्यावर लेखी दिसण्याची व्यवस्था मागावी, आणि ती मागणी नोंदवली गेल्याची पोच जपून ठेवावी.